चित्रांकित सिटकॉममधील वाणी आणि उपहास

१

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांना विद्यापीठीय अभ्यासात फारसे मानाचे स्थान मिळालेले नाही. घटकाभर करमणूक करणारा आणि दुसऱ्या दिवशी विस्मरणात जाणारा प्रकार, अशीच त्यांच्याविषयीची सर्वसाधारण समजूत आहे. परंतु अमेरिकेत १७ डिसेंबर १९८९ रोजी स्वतंत्रपणे सुरू झालेली ‘द सिम्प्सन्स’ ही मालिका तीन दशकांहून अधिक काळ चालत आली आहे. तिच्यातील एका उद्गाराची नोंद २००१ साली ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात झाली. आणि तिच्यातील एका पात्राच्या उच्चारांवरून २०१७ साली जो वाद उद्भवला, त्यानंतर अशा मालिकांतील पात्रांना आवाज देण्याची तेथील रूढ पद्धतच पालटू लागली. या गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार क्षुल्लक मानून बाजूला सारता येणार नाही, हे उघड आहे.

‘सिटकॉम’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार म्हणजे ठरावीक स्थळी, ठरावीक पात्रांभोवती, दर आठवड्यास नवा प्रसंग घडविणारी विनोदी मालिका होय. नटांऐवजी रेखाटलेल्या चित्रांची हालचाल दाखवून, म्हणजे ॲनिमेशनच्या साहाय्याने, ती सादर केली म्हणजे तिला चित्रांकित सिटकॉम म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराविषयी दोन प्रश्नांचा विचार केला आहे. त्याचे आकर्षण व त्याची उपहासशक्ती कशातून उत्पन्न होते, हा पहिला प्रश्न; आणि हीच शक्ती कोठे व का अन्यायकारक ठरते, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी सापडते, असे येथे प्रतिपादन केले आहे. चित्रांकित पात्राला देह नसतो. त्याचा वर्ग, त्याचा प्रांत, त्याचा वंश ही सर्व ओळख मुख्यतः त्याच्या वाणीने होते. म्हणून या प्रकाराचे बळ जसे वाणीत आहे, तसाच त्याचा दोषही वाणीतच आहे.

२

सिटकॉमचे रूढ स्वरूप अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात स्थिर झाले. १९५१ साली सुरू झालेली ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी चित्रित होई आणि त्या प्रेक्षकांचे हसू ध्वनिमुद्रणात उमटे. याच दशकात चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने मुद्रित हास्याचे निरनिराळे तुकडे कळ दाबून हवे तेथे वाजविता येतील असे एक यंत्र तयार केले. प्रेक्षक नसला तरी हास्य पुरविण्याची सोय अशा रीतीने झाली.

या सोयीचा सर्वांत चमत्कारिक उपयोग ‘द फ्लिंटस्टोन्स’ (१९६० ते १९६६) या मालिकेत झाला. अमेरिकेत रात्रीच्या मुख्य वेळेस दाखविली गेलेली ही पहिली चित्रांकित सिटकॉम होय. ‘द हनीमूनर्स’ या नटांनी केलेल्या मालिकेचा साचा तिने उचलला आणि तो अश्मयुगात नेऊन ठेवला. मोटार दगडाची, पण ती चालविणारा गृहस्थ मात्र अमेरिकन उपनगरातला. चित्रांसमोर बसून हसणारा प्रेक्षकवर्ग कोठेही असणे शक्य नव्हते. तरीही या मालिकेत मुद्रित हास्य घातलेले होते. कोठे हसावे हे प्रेक्षकाला कळणार नाही, अशी भीती त्यामागे असावी.

‘द सिम्प्सन्स’ने हे हास्य काढून टाकले. वरवर पाहता हा तंत्राचा किरकोळ फरक वाटतो. परंतु त्याचा परिणाम मोठा झाला. मुद्रित हास्य प्रत्येक वाक्यानंतर थांबावयास लावते आणि त्या वाक्याचा अर्थही ठरवून देते. ते गेल्यावर वाक्ये एकमेकांच्या जवळ आली, पार्श्वभूमीवरील पाट्या, वर्तमानपत्रांचे मथळे, कोपऱ्यातील पात्रे यांतूनही विनोद होऊ लागला, आणि अमुक वाक्य गंभीर की उपरोधिक, हे ठरविण्याचे काम प्रेक्षकावर येऊन पडले. आपण स्वतः काहीतरी ओळखले, हे समाधान प्रेक्षकाला त्यातून मिळते. या मालिकांच्या आकर्षणाचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

दुसरे कारण त्यांच्या काळाच्या कल्पनेत आहे. सिटकॉममध्ये एखादा प्रसंग कितीही विलक्षण असो, भागाच्या अखेरीस सर्व काही पूर्वपदावर येते. नटांच्या मालिकेत या नियमाला निसर्गाची मर्यादा पडते, कारण नट वयाने वाढतात. रेखाटलेली पात्रे वाढत नाहीत. बार्ट दहा वर्षांचा, लिसा आठ वर्षांची आणि मॅगी तान्ही, ही स्थिती १९८९ पासून कायम आहे. त्यांचा पिता होमर अणुवीजकेंद्रात सुरक्षा निरीक्षक आहे आणि त्याच्या हलगर्जीपणामुळे शहर अनेकदा संकटात आले, तरी त्याची नोकरी सुटत नाही.

या गोठलेल्या काळाचा उपहासावर काय परिणाम होतो हे पाहण्याजोगे आहे. कादंबरीतील पात्र चुकते, शिकते, सुधारते. म्हणून तेथे दोष व्यक्तीचा ठरतो. येथे कोणीच शिकत नाही. पोलीसप्रमुख विगम दर वेळी निष्काळजी, महापौर क्विंबी दर वेळी लाचखाऊ, वृत्तनिवेदक ब्रॉकमन दर वेळी उथळ. एकच दोष शेकडो वेळा पुनरावृत्त झाला म्हणजे तो व्यक्तीचा स्वभाव न वाटता त्या पदाचाच धर्म वाटू लागतो. उपहासाचा रोख माणसाकडून संस्थेकडे वळतो. स्प्रिंगफील्ड या कल्पित शहरात शाळा आहे, चर्च आहे, न्यायालय आहे, कारखाना आहे, दूरचित्रवाणी केंद्र आहे. आणि प्रत्येकाचा एक न सुधारणारा प्रतिनिधी आहे. हे नाव अमेरिकेत अनेक गावांना आहे आणि ते नेमके कोणत्या राज्यात, हे मालिकेने हेतुतः संदिग्ध ठेवले आहे.

या उपहासाची झळ सत्ताधाऱ्यांपर्यंत पोचली होती. जानेवारी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका भाषणात, अमेरिकन कुटुंबे ‘द वॉल्टन्स’ या मालिकेतील कुटुंबासारखी अधिक व सिम्प्सन कुटुंबासारखी कमी व्हावीत, असा आशय मांडला. ‘द वॉल्टन्स’ ही १९३० च्या सुमाराच्या महामंदीच्या काळातील एका सोशिक ग्रामीण कुटुंबाची कथा होती. काही दिवसांतच मालिकेने उत्तर दिले. सिम्प्सन कुटुंब राष्ट्राध्यक्षांचे ते भाषण पाहत आहे असे दाखविले गेले, आणि बार्टने सांगितले की आपणही वॉल्टन कुटुंबासारखेच आहोत, कारण मंदी संपावी म्हणून आपणही प्रार्थना करीत आहोत. अमेरिका त्या वेळी आर्थिक मंदीतून बाहेर पडण्याची धडपड करीत होती. संस्कृतीविषयीच्या उपदेशाला अर्थव्यवस्थेचे उत्तर, आणि तेही उपदेशकाचीच उपमा स्वीकारून, हा या मालिकेच्या उपहासाचा उत्तम नमुना होय.

३

आता वाणीकडे वळावयास हवे. चित्रपटात व नाटकात नट प्रथम दिसतो आणि मग बोलतो. चित्रांकित मालिकेत क्रम उलटा असतो. आधी संवादांचे ध्वनिमुद्रण होते आणि मग त्या ध्वनीला जुळतील अशी ओठांची व हातवाऱ्यांची चित्रे काढली जातात. चित्र वाणीमागून येते. ‘द सिम्प्सन्स’मधील शेकडो पात्रांची वाणी प्रामुख्याने सहा नटनटींनी उभी केली. दहा वर्षांच्या बार्टचा आवाज नॅन्सी कार्टराइट या स्त्रीचा आहे. देह दिसत नसल्यामुळे कोणीही कोणाचाही आवाज काढू शकतो, हे या प्रकाराचे मोठे स्वातंत्र्य होय.

होमरचा ‘डो!’ हा उद्गार या दृष्टीने अभ्यासनीय आहे. संहितेत तो शब्द म्हणून लिहिलेला नसतो. तेथे केवळ ‘त्रासिक हुंकार’ अशी सूचना असते. होमरला आवाज देणारे डॅन कॅस्टेलानेटा यांनी लॉरेल-हार्डी यांच्या चित्रपटांतील जेम्स फिनलेसन या नटाचा लांबविलेला उद्गार आठवून तो योजला, आणि मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांच्या सूचनेवरून तो तोडून आखूड केला. आपल्याच मूर्खपणाची जाणीव क्षणात व्हावी आणि क्षणातच ती दाबली जावी, असा भाव त्या आखूडपणात आहे. लेखकाने न लिहिलेला, नटाच्या कंठातून निघालेला हा ध्वनी अखेर शब्दकोशात गेला.

भाषेच्या प्रामाण्यावरील उपहास १९९६ सालच्या ‘लिसा द आयकॉनोक्लास्ट’ या भागात आढळतो. शहराच्या संस्थापकाच्या तोंडी असलेल्या सुभाषितात ‘एम्बिगन’ (मोठे करणे, महत्त्व वाढविणे) असा एक विचित्र शब्द आहे. एक शिक्षिका म्हणते की या गावात येईपर्यंत तिने तो ऐकला नव्हता. त्यावर दुसरी शिक्षिका तो शब्द अगदी ‘क्रोम्युलंट’ आहे अशी ग्वाही देते. हा दुसरा शब्द तर पहिल्याहूनही बनावट! एका बनावट शब्दाला दुसऱ्या बनावट शब्दाने मान्यता मिळावी, ही थट्टा शुद्धाशुद्धतेच्या सर्वच प्रमाणपत्रांना लागू पडते. याच भागात लिसाला असे आढळून येते की हा पूज्य संस्थापक वस्तुतः एक चाचा होता. परंतु त्याच्या दंतकथेने लोक सज्जनपणे वागतात हे पाहून ती अखेर मौन पत्करते. शब्द खोटा असूनही रूढ, आणि पुरुष खोटा असूनही पूज्य, अशी ही जोडी आहे. ‘एम्बिगन’ हा शब्द २०१८ साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने नोंदविला.

उच्चारधाटणीचा उपयोगही मालिकेने सत्तेच्या उपहासासाठी पुष्कळ केला आहे. महापौर क्विंबी यांची बोलण्याची ढब बोस्टनच्या केनेडी घराण्याची आठवण करून देते. कारखानदार बर्न्स जुनाट, कालबाह्य शब्द वापरतो आणि त्याची संपत्ती किती जुनी आहे हे त्याच्या शब्दांवरूनच कळते. ही रीत आपल्या नाट्यपरंपरेला अपरिचित नाही. मृच्छकटिकातील शकार ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारतो आणि पुराणकथांची भलतीच सरमिसळ करतो. परंतु हा शकार राजाचा मेहुणा आहे, आणि त्या नात्याच्या जोरावर तो निरपराध्याचा बळी घेऊ पाहतो. त्याच्या उच्चाराला हसणारा प्रेक्षक त्याच्या उन्मत्तपणाला हसत असतो. उच्चारातील व्यंग आणि सत्तेतील व्यंग एकाच दिशेने जातात, म्हणून तो उपहास न्याय्य वाटतो.

४

ही दिशा जेथे चुकली असे उदाहरण म्हणजे अपू नाहासपीमापेटिलॉन हे पात्र होय. ते प्रथम २५ फेब्रुवारी १९९० च्या भागात अवतरले. स्प्रिंगफील्डमधील एका किराणा दुकानाचा चालक, असे त्याचे स्थान. त्याचे पहिले नाव सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) पासून सुरू होणाऱ्या चित्रपटत्रयीच्या नायकावरून घेतलेले आहे. आडनावाची घडण मात्र कोणत्याही भारतीय भाषेतील आडनावांच्या रीतीत बसत नाही. पात्र म्हणून अपू तिरस्करणीय नाही. तो कष्टाळू आहे, शाकाहारी आहे, संगणकशास्त्रात त्याने डॉक्टरेट मिळविली आहे, आणि शहरातील बहुतेकांपेक्षा तो अधिक सुशिक्षित आहे. असे असता वाद का व्हावा?

त्याचे उत्तर त्याच्या वाणीत आहे. भारतीयांच्या इंग्रजीत काही विशेष खरोखरच आढळतात. इंग्रजीतील वर्त्स्य ‘टी’ व ‘डी’ यांच्या जागी मूर्धन्य ट-ड येतात. ‘टेबल’ आणि ‘डॉक्टर’ हे शब्द मराठीत आपण त्याप्रमाणेच लिहितो. शब्दारंभीच्या प-ट-क यांच्या उच्चारात इंग्रजांना अपेक्षित असलेला श्वासाचा झोत नसतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतील भेद पुसट होतो. परंतु हे विशेष बोलणाऱ्याच्या मातृभाषेप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे व प्रसंगाप्रमाणे बदलतात. मराठी, बंगाली आणि तमिळ भाषकांचे इंग्रजी एकमेकांहून भिन्न असते, आणि एकाच व्यक्तीचे बोलणे घरी एक व कचेरीत दुसरे असते. रंगभूमीवरील नक्कल या भेदांपैकी दोनचारच उचलते आणि अपवाद न करता प्रत्येक शब्दाला लावते. अपूचे नाव बंगाली असले तरी त्याच्या बोलण्यात बंगालीपणाचा विशेष पत्ता लागत नाही. ते सरसकट ‘भारतीय’ आहे. त्याला आवाज देणारे हँक अझेरिया यांनी ‘द पार्टी’ (१९६८) या चित्रपटातील पीटर सेलर्स यांच्या भूमिकेवरून तो काही अंशी घेतल्याचे सांगितले आहे. सेलर्स हे इंग्रज नट होते आणि त्या चित्रपटात त्यांनी भारतीय नटाचे सोंग आणले होते. म्हणजे अपूची वाणी ही नकलेची नक्कल होय.

या प्रथेला अमेरिकेत जुना इतिहास आहे. १९२८ साली नभोवाणीवर सुरू झालेल्या ‘एमॉस अँड अँडी’ या अत्यंत लोकप्रिय मालिकेत दोन कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज दोघे गोरे नट काढीत. श्रोत्यांना देह दिसत नव्हता, म्हणून ते खपले. १९५१ साली ही मालिका दूरचित्रवाणीवर आली तेव्हा त्या भूमिकांसाठी कृष्णवर्णीय नट घ्यावे लागले. देह दिसू लागताच जी गोष्ट अशक्य झाली, ती चित्रांकित मालिकेत पुन्हा शक्य झाली, कारण येथे पडद्यावर चित्र आणि पडद्यामागे कोणाचाही कंठ अशी नभोवाणीचीच स्थिती परत आलेली असते.

भाषाविज्ञानाच्या क्षेत्रातही याचा अभ्यास झाला आहे. रोझिना लिपी-ग्रीन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात डिस्ने संस्थेच्या २४ चित्रांकित चित्रपटांतील ३७१ पात्रांच्या बोलण्याची पाहणी केली. परकीय धाटणीचे इंग्रजी बोलणाऱ्या पात्रांत दुष्ट पात्रांचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळच अधिक आढळले. मुलांना भाषाभेद आणि नीतिभेद यांची सांगड अशा रीतीने नकळत शिकविली जाते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ. शिल्पा दवे यांनी तर अपूच्याच वाणीला ‘ब्राउन व्हॉइस’ असे नाव देऊन तिचे विवेचन केले आहे. त्वचेचा रंग जे काम डोळ्यांसमोर करतो, ते काम येथे उच्चार कानांसमोर करतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदी कलाकाराने ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट सादर केला. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत अपूच्या नावाने आणि ‘थँक यू, कम अगेन’ या त्याच्या ठरावीक वाक्याने चिडविले जात असे, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांत मराठी कुटुंबेही थोडी नाहीत. त्यांची मुले जन्माने आणि उच्चाराने अमेरिकन होती. तरीही त्यांच्या तोंडी एक परकी वाणी घातली जात होती. पुष्कळ काळपर्यंत अमेरिकन प्रेक्षकाच्या नित्य परिचयाचे भारतीय पात्र जवळजवळ हे एकच होते. येथे गोठलेल्या काळाचा दुसरा परिणाम दृष्टीस पडतो. जो नियम महापौराच्या भ्रष्टतेला संस्थेचा धर्म बनवितो, तोच नियम दुकानदाराच्या उच्चाराला जमातीचा धर्म बनवितो. पुनरावृत्तीने व्यक्तीचे रूपांतर वर्गात होते. तो वर्ग सत्ताधाऱ्यांचा की अल्पसंख्याकांचा, हे त्या यंत्रणेला कळत नाही.

मालिकेने ८ एप्रिल २०१८ च्या भागात दिलेले उत्तर दुबळे होते. पूर्वी निरुपद्रवी मानली जाऊन वाखाणली गेलेली गोष्ट आज अनुचित ठरते, मग काय करावे, असा सूर लिसाच्या तोंडी घालण्यात आला आणि कॅमेरा अपूच्या चित्राकडे वळला. जी लिसा मालिकेची सदसद्विवेकबुद्धी समजली जात असे तिच्याकडूनच हे समर्थन वदविले गेले, ही गोष्ट अनेकांना खटकली. अझेरिया यांनी जानेवारी २०२० मध्ये अपूला आवाज देणे सोडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जून महिन्यात, गोऱ्या नटांनी अन्य वंशांच्या पात्रांना आवाज देण्याची पद्धत बंद करीत असल्याची घोषणा निर्मात्यांनी केली. ‘फॅमिली गाय’सारख्या इतर मालिकांतही असे बदल झाले.

५

या सर्व विवेचनावर एक आक्षेप संभवतो. उपहासकाव्य कोणालाच सोडत नाही. स्कॉटिश माळी विली, इटालियन गुंड, जर्मन व्यापारी, या सर्वांची वाणी या मालिकेत अतिशयोक्तच आहे. मग एकट्या अपूचाच कैवार का घ्यावा? आक्षेप वजनदार आहे. परंतु अतिशयोक्तीचा परिणाम तिच्या भोवती दुसऱ्या प्रतिमा किती आहेत यावर अवलंबून असतो. स्कॉटिश माणसाची अन्य अनेक चित्रे अमेरिकन प्रेक्षकापुढे होती, म्हणून विलीचे सोंग सोंगच राहिले. जेथे दुसरी प्रतिमा नाही, तेथे सोंगालाच साक्षीचे मूल्य येते.

लेखकाचा हेतू चांगला असणे पुरेसे नाही, हेही पूर्वीच दिसून आले होते. नॉर्मन लिअर यांच्या ‘ऑल इन द फॅमिली’ (१९७१ ते १९७९) या नटांच्या मालिकेत आर्ची बंकर हा पूर्वग्रहदूषित गृहस्थ मुद्दाम हास्यास्पद केला होता. नील विडमर व मिल्टन रोकीच यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मात्र असे आढळले की, ज्या प्रेक्षकांच्या ठिकाणी पूर्वग्रह प्रबळ होते त्यांना आर्ची हास्यास्पद न वाटता आपल्या बाजूचा वाटे. उपहासाचा रोख लेखक ठरवितो. तो कोठे लागतो हे प्रेक्षकाच्या मनोवृत्तीवरही अवलंबून असते.

यावरून चित्रांकित सिटकॉमच्या परीक्षणात दोन स्तर वेगळे करणे अवश्य ठरते. एक संहितेचा स्तर आणि दुसरा वाणीचा. १९९६ सालच्या ‘मच अपू अबाउट नथिंग’ या भागात हे दोन स्तर परस्परविरुद्ध दिशांना जाताना स्पष्ट दिसतात. शहरातील लोक बेकायदा रहिवाशांना हाकलून देण्याचा ठराव मांडतात. १९९४ साली कॅलिफोर्नियात झालेल्या तशाच लोकनिर्णयावर हा प्रहार होता. नागरिकत्वाच्या परीक्षेत यादवी युद्धाची कारणे विचारली असता अपू सविस्तर मीमांसा सुरू करतो, तेव्हा परीक्षक त्याला थांबवून एका शब्दात उत्तर द्यावयास सांगतो. संहितेच्या स्तरावर येथे हसे होते ते अज्ञानी नागरिकांचे आणि परीक्षेचे. याच भागात अपू हद्दपारीच्या भीतीने अमेरिकन धाटणीने बोलण्याची खटपट करतो, आणि आपली ओळख टाकल्याच्या लाजेने ती सोडून देतो. लेखकांना अपूविषयी खरी सहानुभूती होती यात शंका नाही. परंतु ज्या ‘स्वतःच्या’ वाणीकडे तो परत येतो, ती वाणीच उसनी, सोंगाची आहे. संहिता त्याला माणूस करते आणि वाणी त्याला पुन्हा साच्यात बसविते.

‘किंग ऑफ द हिल’ या टेक्सासमधील मालिकेत १९९७ साली आलेले कान हे पात्र याच दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कान हा लाओस देशातून आलेला. नवे शेजारी त्याला विचारतात, तो चिनी की जपानी? तो आपल्या देशाची भौगोलिक माहिती देतो. आणि ती संपल्यावर शेजारी पुन्हा तोच प्रश्न करतात. येथे हसू परकीयाच्या बोलण्याला येत नाही, ऐकणाऱ्याच्या बहिरेपणाला येते. संहितेच्या स्तरावर हा विनोद निर्दोष आहे. परंतु कानची वाणीही मूळच्या मालिकेत टोबी हस या गोऱ्या नटाचीच होती. २०२५ साली मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा ती भूमिका रॉनी चिएंग या आशियाई वंशाच्या विनोदी नटाकडे आली. एका स्तरावरील दोष दुसऱ्या स्तरावरील गुणाने आपोआप नाहीसा होत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

तथापि योग्य वंशाचा नट नेमला म्हणजे प्रश्न सुटला, असेही मानता येणार नाही. भारतीय नटानेही अपूची तीच दोनचार ध्वनींची गोळाबेरीज उच्चारली असती, तर साचा मोडला नसता. खरी आवश्यकता आहे ती वाणीतील विविधतेची. पात्राची भाषा प्रसंगाप्रमाणे, श्रोत्याप्रमाणे आणि मनःस्थितीप्रमाणे बदलू लागली म्हणजेच ते पात्र व्यक्ती होते.

६

नाट्यशास्त्रात हास्यरसाच्या विभावांमध्ये विकृत वेषाबरोबरच व्यंगदर्शन आणि दोषोदाहरण यांचाही उल्लेख आहे. व्यंग म्हणजे अंगातील वैगुण्य. दोष म्हणजे आचरणातील चूक. भरताने ही दोन्ही एकाच यादीत दिली असली, तरी उपहासाच्या नीतीचा विचार करताना ती वेगळी ठेवावयास हवीत. आचरणातील दोष माणसाला टाळता येतो, म्हणून त्याला हसणे हा सुधारणेचा एक मार्ग होऊ शकतो. मातृभाषेने जिभेला लावलेले वळण हा दोष नव्हे. ते व्यंगही नव्हे. ते व्यंग म्हणून दाखविले जाते तेव्हा उपहास आपले काम सोडून भलतेच काम करू लागतो.

‘द सिम्प्सन्स’चे श्रेय यामुळे कमी होत नाही. महापौर, कारखानदार, धर्मोपदेशक, वृत्तनिवेदक आणि राष्ट्राध्यक्ष यांना सारख्याच निर्भयपणे हसविषय करणारी, आणि इतक्या मोठ्या प्रेक्षकवर्गाला मुद्रित हास्याच्या कुबडीवाचून उपरोध समजून घेण्याची सवय लावणारी दुसरी मालिका सहज सापडणार नाही. शकाराच्या ‘श’ला हसणे आणि अपूच्या ‘ट’ला हसणे यांतील अंतर ओळखण्यास तिने उशीर लावला, एवढेच म्हणावयाचे.

मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांतही मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी या बोलींचा हास्यासाठी सर्रास उपयोग होतो. तेथे हसू बोलणाऱ्याच्या चातुर्याला येते की त्याच्या बोलीला. ती बोली तिच्या भाषकाच्या तोंडी आहे की उसनी. आणि पात्र प्रसंगाप्रमाणे बोली बदलते की अखंड एकाच सुरात बोलते, हे तीन प्रश्न घेऊन ध्वनिमुद्रणांची पद्धतशीर पाहणी करता येईल. संहिता व वाणी या दोन स्तरांचा भेद त्या पाहणीस उपयोगी पडावा.